स्वस्त माल करारानं येतो की चोरवाटेनं? बेदाणा, कांदा, तूर आणि आपला सोलापूर जिल्हा

भीमातीर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. पंढरपूर तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे आणि निम्म्याहून जास्त माल बेदाण्याला जातो. गेल्या हंगामापासून सौद्यात, सोसायटीत, अगदी कुणाच्या दहाव्याला गेलं तरी एकच विषय: चीनचा बेदाणा आला आणि भाव बसला. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर तर बागायतदारांच्या तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या. माल चीनचा, येतो अफगाणिस्तान नाहीतर नेपाळच्या नावावर, असं सगळे म्हणतात.

मी जरा खोलात गेलो. सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या गटाच्या देशांनी जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला मुक्त व्यापाराचा करार केला, तो २००६ पासून लागू झाला. त्यात नेपाळ, बांगलादेश, भूतान अशा तेव्हाच्या अविकसित देशांना जास्तीची सवलत ठेवली. अफगाणिस्तान २००७ मध्ये सार्कमध्ये आला. त्याच्याशी आपला २००३ पासून वेगळा सवलतीचा करार होताच, सुकामेवा त्यातही होता. म्हणजे काबूल-कंदहारकडचा बेदाणा सवलतीत येणार हे कायद्यानंच ठरलेलं आहे. त्याला माझी हरकत नाही. तोही शेतकरी, मीही शेतकरी. त्याचा माल आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या येतोय, बाळंतिणीला काळा मनुका लागतोच.

हरकत आहे ती चीनच्या मालाला. चीन सार्कमध्ये नाही आणि बाहेरच्या बेदाण्यावर आपलं शुल्क जबर आहे. ते चुकवायला पेटीवर दुसऱ्या देशाचं नाव आलं की माझ्या चार किलो द्राक्षांच्या एक किलो बेदाण्याला कोण विचारणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्ष उतरवलं की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवायचं, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पातळ पसरायचं. मग पंधरा-एक दिवस आभाळाकडं बघत बसायचं. मार्चमध्ये ढग आले की घशाला कोरड पडते, कारण एका पावसात हिरवा माल काळा पडतो आणि काळ्याला भाव निम्मासुद्धा येत नाही. सुकल्यावर रॅक हलवून माल पाडायचा, काड्या काढायच्या, गंधकाची धुरी, प्रतवारी, पेटी, मग कोल्ड स्टोअरेजचं भाडं. एवढं करून सौद्यात व्यापारी मूठभर उचलून बघतो आणि खाली टाकतो. त्या उधळणीवर एक वेगळा धागा होईल, आज राहू द्या.

विचारायचं ते एवढंच. देशादेशांनी एकत्र येऊन बाजार मोकळा केला की शेतीचं आणि शेतमालावर चालणाऱ्या धंद्यांचं नेमकं काय होतं? 'करार फाडा' म्हणणारे आणि 'करारानं सोनं होईल' म्हणणारे, दोघंही मला अर्धवट वाटतात. आपापल्या धंद्यातलं लिहा. राजकारण नको, ते दुसरीकडं भरपूर चाललंय.

हुतात्मा_एक्स्प्रेस

जागा धरून ठेवतो. चहा आणि कडक भाकरी घेऊन बसलोय.

यार्डातला_माणूस

मालक, बेदाण्याचं तुम्ही बघा, मी कांद्याचं सांगतो. आडतीवर बसतो म्हणून आधीच शिव्या देऊन घ्या.

वर्षानुवर्षं आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं बाहेरचं गिऱ्हाईक कोण होतं, तर बांगलादेश. सार्कमधलाच. आपल्या कराराचा भाऊबंद. आणि त्याच्याशी आपण वागतो कसं ते बगा. २९ सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. आठवड्याच्या आत शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत हसत म्हणाल्या की मी आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सगळे हसले. मला काय हसू आलं नाही ओ, कारण ते गिऱ्हाईक हातचं चाललं होतं.

पुढं सप्टेंबर २०२० ला परत बंदी. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान किंमत. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, ती ४ मे २०२४ ला उठली, तीसुद्धा ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क लावूनच. सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं. डिसेंबर-जानेवारीत आमच्या यार्डात लाल कांद्याला पाय ठेवायला जागा नसते. अक्कलकोट, मोहोळकडच्या गाड्या, शिवाय इंडी, अफजलपूरकडचा माल. बंदी कधी आली? बरोबर त्याच महिन्यात.

मंग गिऱ्हाईक काय करंल? पाकिस्तानाकडं गेलं, चीनकडं गेलं, आपल्या घरी जास्त लावायला लागलं. बांगलादेशनं कांद्याचं उत्पादन वाढवायचं मनावर घेतलं त्याला आपणच कारण. करार कागदावर हाय तसा हाय. माल मात्र आपणच अडवला.

आणि आतलंही सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंदी नव्हती, काही नव्हतं. तरी बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापुरात विकला, किलोला एक रुपया भाव लागला, हमाली-तोलाई-गाडीभाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक आला, तोही पुढच्या तारखेचा. देशभर गाजलं. तेव्हा करार, निर्यात यानं सगळं सुटतं असंही नाही. माल एकदम आला की भाव पडणारच.

भीमातीर

आडत तर तुम्हीच कापली असेल! गंमत केली, राग मानू नका. पण मुद्दा पटला.

यार्डातला_माणूस

माझ्याकडं नव्हता तो माल. असता तर दोन रुपयाचा चेक फाडताना माझा हात थरथरला असता.

डाळगिरणी_बार्शी

माझं मत वेगळं आहे आणि ते इथं आवडणार नाही.

बार्शीत आमची डाळीची गिरणी. वडिलांच्या काळात जानेवारी ते मे गिरणी चालायची आणि पावसाळ्यात कामगार दुसरीकडं जायचे, कारण गावरान तूर संपलेली असायची. आज वर्षभर चालते. कशावर? डिसेंबरपासून आपली आणि गुलबर्ग्याकडची तूर, ती विरळ झाली की म्यानमारची लेमन, मग मोझांबिकची गजरी. भारतानं २०१६ मध्ये मोझांबिकशी तुरीचा करार केला, पुढं वर्षाला २ लाख टनांपर्यंत गेला. २०२१ मध्ये म्यानमारशी १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद, मलावीशी ५० हजार टन तूर असं ठरलं. हे मुक्त व्यापाराचे करार नाहीत, सरकारा-सरकारांतलं ठरवून घेणं आहे. पण बाजार जोडला गेला तो त्यातूनच.

ऑक्टोबर २०१५ आठवा. तूरडाळ २०० रुपये किलो. शहरातल्या माणसानं काय खायचं? सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका आहेत, चादरी-टॉवेलच्या कारखान्यातले कामगार आहेत. त्यांच्या ताटाचा विचार शेतकऱ्याच्या धाग्यावर कुणी करत नाही, म्हणून मी करतो.

भीमातीर

गिरणीवाले साहेब, लगेच २०१७ पण आठवा. त्या हंगामात तूर बेसुमार पिकली, क्विंटलला ५,०५० चा हमीभाव आणि बाजारात त्याच्या खूप खाली. खरेदी केंद्रांवर बारदान नाही म्हणून पोरं रात्रभर ट्रॅक्टरवर झोपली. मोझांबिकशी करार झाला तो आदल्याच वर्षी. आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, आमची तूर विकून झाल्यावर!

डाळगिरणी_बार्शी

बरोबर आहे. ती मर्यादा डिसेंबरात यायला हवी होती. पण हे सांगा, चूक मोझांबिकशी केलेल्या कराराची की वेळ चुकवणाऱ्याची? तिथल्या शेतकऱ्यानं आपल्या भरवशावर तूर लावली. ते लोक तूर फारशी खात नाहीत, भारतासाठीच पिकवतात. आपण दार लावलं की त्याच्या घरातही आपल्यासारखीच रडारड.

कडकभाकरी_ताई

माझ्याही धंद्यातलं लिहिते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी, पंधरा बायका काम करतात. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी सोलापूरच्या डाळिंबालाही. शेंगदाणा मिळेल तिथून.

मला वाटायचं की दुबईला माल पाठवायचा तर करारानं सोपं होईल. भारत आणि अमिरातींचा करार १ मे २०२२ ला लागू झाला. मग एका जाणकाराला हिशोब विचारला. आखाती देशांनी २००३ पासून आपापसांत जकात एक केली आहे, बाहेरच्या बहुतेक मालावर ५ टक्के. म्हणजे करारानं सुटणार ते फार तर ५ टक्के. आणि अडणार कुठं? लेबल अरबी भाषेत हवं, उत्पादनाची आणि संपायची तारीख छापील हवी, वर चिकटवलेली चालत नाही. भाकरीचा तुकडा पडला की माल परत. शेंगदाण्यात बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, मर्यादेत हवं. युरोपला तर थेट खायच्या दाण्यात अब्जात ४ भागांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडं पावसात भिजलेल्या शेंगेचा दाणा कुठल्या पोत्यात मिसळला हे पोतं उघडेपर्यंत कळत नाही. आता मी दाणे बायकांकडून हातानं निवडून घेते, काळपट, सुरकुतलेला, फुटका सगळा बाजूला. मजुरी वाढते, पण घासातला कडूपणा जातो हे मात्र खरं.

तेलाचंही सांगू का? माझ्या आजीच्या घरी करडईचं तेल. सोलापूर म्हणजे करडईचा मुलूख, इथं करडईवर संशोधन करणारं केंद्र आहे. आज माझ्या कामगार बायका किराणा दुकानातून पामतेल नेतात, कारण परवडतं. करडई कापताना काटे टोचतात, मजूर मिळत नाही, हे एक. आणि मलेशिया-इंडोनेशियाचं तेल हे दुसरं. त्यातलं किती कराराचं आणि किती काट्याचं, मास्तर सांगतील.

निवृत्त_मास्तर

ताईंनी नाव घेतलं म्हणून लिहितो. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी आपला वस्तुव्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात पामतेल ही 'विशेष' वस्तू धरली होती. कच्च्या पामतेलावरचं शुल्क ८० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांपर्यंत आणि शुद्ध तेलावरचं ९० वरून ४५ टक्क्यांपर्यंत, तेही २०१९ अखेरपर्यंत हळूहळू उतरवायचं होतं. म्हणजे करडईवाल्याला दहा वर्षांची मुदत होती. प्रत्यक्षात काय झालं? कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क आपण एप्रिल २००८ मध्येच शून्यावर आणलेलं होतं, करार व्हायच्या आधी, महागाईच्या भीतीनं. करारानं घालून दिलेली पायरी आपण बरीच वर्षं वापरलीच नाही. सरळ खाली उडी मारली.

मेक्सिकोची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचा नाफ्टा करार लागू झाला. मेक्सिकोत मका म्हणजे आपली ज्वारी, भाकरी त्याचीच. म्हणून मक्याला २००८ पर्यंत चौदा-पंधरा वर्षांची मुदत ठेवली होती. ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त मका आला तर त्यावर जबर शुल्क घ्यायचं, असं करारात लिहिलेलं होतं. मेक्सिकोच्या सरकारनं ते शुल्क घेतलंच नाही. पशुखाद्य आणि स्टार्च कारखान्यांना स्वस्त मका हवा होता, शहराला महागाई नको होती. अमेरिकेचा अनुदानावर पोसलेला पिवळा मका आला आणि डोंगरातला लहान शेतकरी गाव सोडून गेला.

पण त्याच मेक्सिकोचा आवोकाडो आज अमेरिकेच्या बाजारावर राज्य करतो. टोमॅटो, बेरी यांचंही तेच. आणि तिथंही एक गंमत आहे. अमेरिकेनं बीजातल्या किडीचं कारण देऊन मेक्सिकन आवोकाडो १९१४ पासून बंद ठेवला होता. नाफ्टा १९९४ चा, पण दार उघडलं १९९७ मध्ये, तेही हिवाळ्यात आणि ईशान्येकडच्या १९ राज्यांपुरतं. जकात शून्य होऊन उपयोग नसतो, किडीचा दाखला मिळेपर्यंत फळ हलत नाही. आता मिचोआकान राज्यात आवोकाडोसाठी जंगलं तोडली जातात आणि खंडणीखोर टोळ्या बागायतदारांकडून हप्ते घेतात. पैसा आला तोही असा आला.

सांगोलेकर

मास्तर, आवोकाडोचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या डाळिंबाचं डिट्टो तेच.

ऑस्ट्रेलियाशी करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. पेपरात छापून आलं, लोकांनी मला फोन केले, आता काय मजा हाय तुमची. अरे, कसली मजा! किडीबद्दलचा, पॅकहाऊसबद्दलचा दोन्ही देशांचा कार्यक्रम ठरायला २०२४ उजाडलं. त्या वर्षी थोडा माल विमानानं गेला. समुद्रमार्गे पहिली खेप ६ डिसेंबर २०२४ ला निघाली आणि १३ जानेवारी २०२५ ला सिडनीला पोचली. ५.७ टन, ३ किलोचे १,९०० बॉक्स. आणि तो माल होता आपल्या सोलापूर भागातला. अडतीस दिवस डाळिंब टिकलं, हीच खरी बातमी होती. अपेडा ही शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था आणि निर्यातदार त्यामागं होते.

५.७ टन म्हणजे एक छोटा ट्रक हो. सांगोल्यात चांगल्या काळात एका दिवसात कितीतरी ट्रक भरायचे. पण वाट पडली हे महत्त्वाचं.

आता कडू भाग. वाट पडली तेव्हा आमच्याकडं बागाच राहिल्या नव्हत्या. तेल्या रोग होताच, त्यात मर रोग आणि खोडाला बारीक भोकं पाडणारा पिन होल बोरर. सांगोल्यात लोकांनी जेसीबी लावून बागा काढल्या. मीही अर्धी काढली. झाडाच्या बुंध्यावर सुईनं टोचल्यासारखी भोकं, त्यातून भुसा पडलेला, आणि वरून झाड हिरवंगार. पंधरा दिवसांत वाळून जायचं. करारवाल्यांनी परदेशातला बाजार मिळवून द्यावा, पण झाड कोण वाचवणार?

आणि बाजार मिळाला तरी तो कुणाला? रेसिड्यू म्हणजे औषधाच्या अंशाची तपासणी, अनारनेट या निर्यातबागांच्या सरकारी यादीत नोंदणी, शीतसाखळी. दोन एकरवाला एकटा कुठं जाणार? गट पाहिजे. आमच्या गटात पहिल्या वर्षी एकानं बंदी असलेलं औषध मारलं, 'एक फवारणीनं काय होतंय' म्हणून. सगळ्या गटाचा माल थांबला. त्याच्याशी लोक अजून नीट बोलत नाहीत.

रॉटरडॅमकर

मी मूळचा अक्कलकोटचा, आता रॉटरडॅमजवळ फळांच्या आयातीत नोकरी करतो. एक-दोन गोष्टी इथून दिसतात त्या सांगतो.

इथं बंदरात भारतीय द्राक्षाचा कंटेनर एकदा पास झाला की तो जर्मनीला जावो, पोलंडला जावो, सीमेवर कुणी विचारत नाही. १९९३ पासून एकच बाजार. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की एका ठिकाणी पास झालात तर अख्खं युरोप, आणि एका ठिकाणी अडकलात तर अख्खं युरोप बंद. २०१० मध्ये हेच झालं. वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाटचा, म्हणजे आपल्याकडच्या लिहोसिनचा अंश द्राक्षांत सापडला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, निर्यातदार बुडाले. बागायतदार म्हणत होते की हे औषध तपासायच्या यादीतच नव्हतं. खरं होतं ते. पण इथला सुपरमार्केटवाला यादी कुणाची ते विचारत नाही.

दुसरं. युरोपनं बाजार एक केला तेव्हा शेतकऱ्याला नुसतं मोकळ्यावर सोडलं नाही. १९६२ पासून सामाईक कृषी धोरण आहे. ऐंशीच्या दशकात युरोपच्या सामाईक खर्चातला दोन-तृतीयांश पैसा शेतीवर जायचा, आजही साधारण एक-तृतीयांश जातो. पोलंड २००४ मध्ये आत आला तेव्हा शेतजमीन परदेशी लोकांनी घेऊ नये म्हणून १२ वर्षांची सवलत मागून घेतली. सार्कमध्ये असा सामाईक पैसा कुठं आहे? आपण बाजार जोडला, पण नुकसान झालेल्याला भरून द्यायची पेटी ठेवलीच नाही.

आणि तरीही इथले शेतकरी खुश नाहीत. २०२२ मध्ये युक्रेनच्या धान्यावरचं शुल्क उठवलं, ते धान्य पुढं न जाता पोलंडमध्येच साचलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकियानं सरळ बंदी घातली. एवढा जुना, पैसेवाला संघ, पण सीमेजवळच्या शेतकऱ्याचा भाव पडल्यावर नियम बाजूलाच ठेवला.

हुतात्मा_एक्स्प्रेस

भाकरी संपली. आता गंभीर होतो.

नेपाळचं कुणी काढलं नाही अजून. नेपाळात पामचं एक झाड नाही हो! तरी २०१९ च्या आसपास तिथून शुद्ध पामतेल भारतात टँकरच्या टँकर. बाहेरून कच्चं आणायचं, शुद्ध करायचं, सार्कच्या सवलतीत इकडं ढकलायचं. जानेवारी २०२० मध्ये आपण शुद्ध पामतेल बंधनाच्या यादीत टाकलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण तेलावरचं शुल्क वाढवलं, की लगेच नेपाळातून सोयातेलाचा पूर. म्हणजे सोयाबीनवाल्याला द्यायला वाढवलेलं शुल्क अर्धं वाटेतच सांडलं. तुमच्या बेदाण्याची तीच जातकुळी आहे, मालक.

भीमातीर

हेच मला हवं होतं. २०२० च्या सप्टेंबरपासून कस्टमचे नवे नियम आहेत. सवलत मागणाऱ्या आयातदाराकडं माल खरोखर त्या देशातला आहे याची माहिती असलीच पाहिजे, नुसत्या दाखल्यावर भागत नाही. नियम चांगला आहे. पण बेदाण्याची पेटी बघून सांगणार कोण की हा कंदहारचा की चीनमधल्या शिनजियांगचा? आमच्या तासगावच्या, पंढरपूरच्या सौद्यातला जुना माणूस हातात घेऊन सांगेल, रंग, साल, चकाकी बघून. सीमेवरच्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? तिथं प्रयोगशाळा हवी, आणि संशय आला की माल थांबवायची हिंमत.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची सीमा बंद झाली, मग मे महिन्यात अफगाणिस्तानचे सुक्यामेव्याचे १६० ट्रक खास परवानगीनं आत घेतले. म्हणजे मोजून ट्रक आत घेता येतात. मग मोजून तपासताही येतील की.

डाळगिरणी_बार्शी

तपासणीला माझा पूर्ण पाठिंबा. खोट्या नावानं आलेला माल मलाही मारतो, प्रामाणिक आयातदार त्यात भरडला जातो. पण या निमित्तानं 'सगळं बंद करा' सुरू होऊ नये. २०१९ मध्ये आरसेपमधून, म्हणजे आसियान, चीन, न्यूझीलंड वगैरेंच्या व्यापार कराराच्या बोलण्यातून आपण बाहेर पडलो, ४ नोव्हेंबरला, बँकॉकमध्ये. दूध उत्पादकांना हायसं वाटलं, न्यूझीलंडच्या दूधभुकटीची भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. पण म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या दुधाचा भाव त्यानंतर सुधारला का? गायीच्या दुधाला आंदोलन करून दर मागावा लागतो, तो बाहेरची भुकटी न येताच.

निवृत्त_मास्तर

गिरणीवाल्यांशी सहमत, पण एक भर. दूधभुकटीवर आपलं ६० टक्के शुल्क आहे आणि ते आपण बहुतेक करारांत हात न लावता ठेवलंय. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या करारातही दूध बाहेर ठेवलं. जिथं संघटना मोठी, सहकारी संघ मोठे, तिथं वस्तू करारातून वगळली जाते. करडईवाल्याची संघटना कुठं होती? बेदाण्याची आत्ता कुठं दिल्लीला ऐकू यायला लागली. वाटाघाटीच्या टेबलावर पीक बोलत नाही, त्याच्या मागचा जमाव बोलतो.

यार्डातला_माणूस

कांद्याचा जमाव तर सगळ्यात मोठा, सर. तरी ऐकलं नाही. कारण खाणाऱ्याचा जमाव त्याहून मोठा हाय. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याला बंदी आणि गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी दिली. तेव्हा यार्डात काय काय बोलले लोक ते इथं लिहिता येत नाही.

कडकभाकरी_ताई

मास्तरांचं वाचून मनात आलं की करडई परत लावणारे थोडे लोक आहेत, बिनकाट्याचे वाणही आहेत. घाण्याच्या तेलाला पुण्यात गिऱ्हाईक मिळतं. पण ते पैसेवाल्यांचं तेल झालं. माझ्या बायकांच्या कढईत ते परत येणार नाही.

सांगोलेकर

करमाळ्याकडं कंदरची केळी बघा. उजनीचं पाणी, आखाताला माल. त्यांनी कराराची वाट बघितली नाही. घड झाडावर असतानाच पिशवी घालायची, जमिनीला टेकू न देता उतरवायचा, फण्या तिथंच धुवून बॉक्समध्ये. कराराआधीच चाललं होतं त्यांचं. आता करारानं काही सोपं झालं तर वरचं लोणी.

भीमातीर

सांगोलेकर, तुमच्याकडनं एक नक्की माहिती हवी. यंदा मी सगळा माल बेदाण्याला न घालता एक प्लॉट ताज्या द्राक्षाच्या निर्यातीला ठेवावा म्हणतोय. ग्रेपनेटची (द्राक्षाच्या निर्यातबागांची) नोंदणी, रेसिड्यू तपासणी हे सगळं एकट्यानं जमेल का? ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. बेदाण्याबद्दल आम्ही दहा-बारा जण मिळून कस्टमकडं लेखी तक्रार करतोय, सौद्यातले संशयित नमुने सीलबंद करून. यार्डातल्या साहेबांना त्यात सही करायची असेल तर स्वागत आहे.

यार्डातला_माणूस

सही करतो. माझी आडत तुमच्या मालावर, चीनच्या नाही.

सांगोलेकर

एकट्यानं नोंदणी जमते, कृषी खात्याकडून प्लॉटची होते, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. छाटणी झाल्या झाल्या अर्ज टाका, शेवटच्या तारखेला गर्दी असते. फवारणीची वही मात्र पहिल्या दिवसापासून लिहा, तारखेसकट, औषधाच्या नावासकट, आणि फवारणी ते काढणी यांतले दिवस मोजून. आणि शेजारच्या बागेत कोण काय मारतो तेही बघा, वाऱ्यानं फवारा तुमच्या वेलीवर येतो आणि रिपोर्ट तुमच्या नावावर निघतो. नमुना कसा घेतात, कुठल्या लॅबला जातो, ते निरोपात सविस्तर पाठवतो.